भुशाचा लगदा करण्यापूर्वी कढत पाणी

हापूसच्या पेटीचे लाकूड गेले आणि पुठ्ठा आला, या गोष्टीस आता बरीच वर्षे लोटली. पूर्वी हलक्या लाकडाच्या फळ्यांची पेटी, तीत भाताचा पेंढा, आणि वर खिळे ठोकून बसविलेले झाकण, अशा थाटाने आमचा आंबा मुंबईस जात असे. आज तो बहुतांशी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून वाशीच्या बाजारात उतरतो. पेटीचे लाकूड आपल्या रानातले होते; खोक्याचा कागद मात्र बाहेरचा. ऐन हंगामात खोक्याचा भाव चढला, तर बागाईतदारास तो मुकाट्याने देण्याखेरीज गत्यंतर नसते. अशा वेळी कोणाच्या तरी तोंडून हटकून निघणारा प्रश्न असा की, आपल्याकडील लाकूड कापण्याच्या गिरण्यांमागे भुशाचे जे ढीग कुजत अथवा जळत पडतात, त्यांचा कागद का करू नये? परदेशात भुशाचा लगदा होतो. इतकेच नव्हे, तर औषधात शिजविण्यापूर्वी तो भुसा नुसत्या कढत पाण्यातून काढण्याची नवी रीतही तेथे अभ्यासिली जात आहे. मग आम्हीच तेवढे मागे का राहावे?

प्रश्न रास्त आहे. उत्तराची घाई मात्र रास्त नाही. आमचे मत आम्ही प्रारंभीच सांगून टाकतो. या कृतीत शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची वस्तू लगदा ही नसून, लगद्याच्या आधी भुशातून निघणारे पाणी ही होय. त्या पाण्याचे काय करणार, याचे पक्के उत्तर ज्या योजनेत नाही, त्या योजनेस दापोली तालुक्यातील शेतकऱ्यांनी जमीन देऊ नये, भुसा देऊ नये, आणि भागभांडवल तर मुळीच देऊ नये. असे म्हणण्याची कारणे समजण्यास लाकडाच्या अंतरंगात थोडे शिरावे लागेल. वाचकांनी थोडा धीर धरावा.

प्रथम एका शब्दाचा घोटाळा दूर करू. इंग्रजीत ज्यास ‘सॉफ्टवुड’ म्हणतात, त्याचे आपण ‘मऊ लाकूड’ असे भाषांतर करतो आणि फसतो. वनस्पतिशास्त्रात हे नाव चीड, देवदार, स्प्रूस अशा सूचिपर्णी, शंकूसारखी फळे धरणाऱ्या झाडांस आहे. ते लाकूड हातास मऊ लागते की कठीण, याच्याशी त्याचा संबंध नाही. आपली काटेसावर किंवा पांगारा नखाने कोरता येईल इतका मऊ, तरी शास्त्राच्या हिशेबी तो ‘हार्डवुड’, म्हणजे रुंदपर्णी वर्गातला. सुरूची गंमत याहून मोठी आहे. मुरुड-कर्द्याच्या किनाऱ्यावरील सुरूचे बन पाहून परका मनुष्य त्यास पाइन समजतो. त्याच्या हिरव्या काड्या सुयांसारख्या आणि फळही शंकूसारखे; परंतु सुरू हा सूचिपर्णी नव्हेच. तो आंब्या-फणसाच्याच मोठ्या वर्गातला आहे. तामिळनाडू व आंध्रात त्याची लागवड करून लगदा करतात, तोही रुंदपर्णी लाकडाचा म्हणूनच.

तात्पर्य हे की, कोकणच्या रानात खरे सॉफ्टवुड नाही. आपल्या गिरण्यांत कापले जाते ते आंबा, फणस, ऐन, किंजळ, शिवण, आणि अलीकडे जांभ्या कातळाच्या कडेने लावलेल्या आकेशियाचे लाकूड. महाराष्ट्रात पाइनचा भुसा पडतो तो मुख्यतः आयात केलेल्या ओंडक्यांचा. न्यूझीलंड व इतर देशांतून कांडला बंदरी हे ओंडके उतरतात, गांधीधामच्या गिरण्यांत चिरले जातात, आणि यंत्रे भरण्याच्या खोक्यांसाठी व पॅलेटांसाठी ठिकठिकाणी पुन्हा कापले जातात. तेव्हा परदेशी प्रयोगांतील सूचिपर्णी भुशाचे आकडे उचलून दापोलीच्या आंब्याच्या भुशास लावणे म्हणजे घाटावरच्या ज्वारीचे खताचे मान वरकस नाचणीस लावण्यासारखे आहे.

आता लाकडाच्या घडणीविषयी. कोणत्याही लाकडात तीन मोठे घटक असतात. पहिला सेल्युलोज, हा तंतूंचा कणा, आणि कागद म्हणजे मुख्यतः हाच. दुसरा लिग्निन, हा तंतूंस एकमेकांशी जखडून ठेवणारा चिकट, कठीण पदार्थ. तिसरा हेमिसेल्युलोज, हा सेल्युलोजचा धाकटा भाऊ म्हणावा असा, साखरेच्या कणांच्याच पण आखूड व फाटे फुटलेल्या साखळ्यांचा बनलेला. सूचिपर्णी लाकडात शंभर भागांपैकी चाळीस ते पंचेचाळीस भाग सेल्युलोज, पंचवीस ते तीस भाग लिग्निन, आणि जवळजवळ तितकाच हेमिसेल्युलोज सापडतो.

कागदासाठी लिग्निन काढून तंतू सुटे करावयाचे असतात. आज जगात याची सर्वांत रूढ रीत ‘क्राफ्ट’ ही होय. जर्मन व स्वीडिश भाषांत या शब्दाचा अर्थ बळ असा आहे, आणि या रीतीचा कागद बळकट निघतो म्हणून तिचे हे नाव. कार्ल दाल या रसायनशास्त्रज्ञाने डान्झिग येथे ती शोधून १८८४ साली तिचे पेटंट घेतले. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात लाकडाचे तुकडे सुमारे १७० अंश सेल्सिअस उष्णतेवर, बंद भांड्यात, दाबाखाली शिजवावयाचे, अशी ही कृती. लिग्निन विरघळतो, पण त्याच्याबरोबर हेमिसेल्युलोजचाही मोठा भाग नष्ट होऊन त्या काळ्या द्रावणात जातो. हे द्रावण आटवून कारखाने भट्टीत जाळतात. त्यातून वाफ मिळते व क्षारही परत मिळतात. युक्ती चांगली खरी, परंतु तीत एक उधळपट्टी आहे. जळण म्हणून हेमिसेल्युलोजची किंमत लिग्निनच्या साधारण निम्मीच. शिवाय तो मोडताना निघणारी आम्ले महाग क्षार खाऊन टाकतात. म्हणजे साखरेच्या जातीचा एक पदार्थ आपण आधी सोड्याने बिघडवितो आणि मग हलक्या सरपणाच्या भावाने जाळतो.

यावर सुचलेला तोड म्हणजे हाच गरम पाण्याचा पहिला हात. औषध घालण्यापूर्वीच हेमिसेल्युलोज नुसत्या पाण्याने काढून घ्यावा, आणि उरलेले लाकूड मग क्षारात शिजवावे.

ही कल्पना ऐकून आमच्या जुन्या वाचकांस खैराच्या भट्टीची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. लाकडातून पाण्याने सत्त्व काढण्याची विद्या कोकणास परकी नाही. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळावयाच्या, ते पाणी गाळून आटवावयाचे, आणि थंड होऊ द्यावयाचे, म्हणजे कात खाली बसतो. कातकरी हे नावच या धंद्यावरून पडले असे सांगतात; आणि चिपळूणकडे काताचे कारखाने आजही आहेत. त्या भट्टीचे दोन नियम ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला हा की, पाण्यात उतरलेला माल हाच तेथे मुख्य माल; ढलपी ही मागे उरलेली वस्तू, जी बहुधा त्याच भट्टीखाली जाते. दुसरा हा की, पाणी आटविण्यास सरपण लागते, आणि ते सरपण परवडते ते केवळ कात महाग आहे म्हणून. हे दोन नियम भुशाच्या लगद्यासही जसेच्या तसे लागू पडतात. फक्त ते सांगण्यास लगद्याची योजना मांडणारे सहसा उत्सुक नसतात.

एक फरक मात्र मोठा आहे. कात साध्या उकळत्या पाण्यात उतरतो. हेमिसेल्युलोज लाकडाच्या घडणीतच गुंफलेला असल्याने उकळत्या पाण्यास दाद देत नाही. त्यासाठी पाणी १५० ते १७० अंशांपर्यंत तापवावे लागते. म्हणजे दाब सहन करणारे लोखंडी भांडे आले, वाफेचा बॉयलर आला, आणि त्याचे परवाने आले. या उष्णतेवर एक चमत्कार घडतो. हेमिसेल्युलोजच्या साखळ्यांस चिकटलेले ॲसेटिक आम्लाचे अंश सुटतात; हे आम्ल म्हणजे शिरक्यातले आम्लच. पाणी आपोआप आंबट होते, आणि ते आंबट पाणीच पुढे साखळ्या तोडीत जाते. बाहेरून थेंबभर आम्ल घालावे लागत नाही. अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंतच्या अवधीत, उष्णतेच्या मानाने, शंभर भाग कोरड्या लाकडातून दहापासून वीस भागांपर्यंत द्रव्य पाण्यात येते. फिनलंडमध्ये स्प्रूसच्या भुशावर असे बरेच प्रयोग झाले आहेत; अमेरिकेत सिरॅक्यूज येथील वनविद्या महाविद्यालयाने मेपलच्या लाकडावर हीच रीत चालवून पाहिली.

येथे भुसा ढलप्यांहून सरस ठरतो, हे मान्य केले पाहिजे. कण बारीक, म्हणून पाणी झटकन आत शिरते व विरघळलेले द्रव्य लवकर बाहेर येते. पुढे क्षारात शिजविण्याचे कामही सोपे जाते, कारण लाकूड आधीच सैल झालेले असते. मात्र पाण्याचा हात जास्त वेळ किंवा जास्त कडक झाला, तर लिग्निनचे कण एकमेकांत पुन्हा जमून घट्ट बसतात, आणि मग ते सोड्यालाही ऐकत नाहीत. सूचिपर्णी लाकडात हे भय विशेष.

आता या नाण्याची दुसरी बाजू पाहू. हेमिसेल्युलोज काढून घेतला, म्हणजे लगद्याचे वजन घटते हे तर उघडच आहे. साध्या क्राफ्ट रीतीने सूचिपर्णी ढलप्यांच्या शंभर भागांतून पंचेचाळीस ते पन्नास भाग लगदा मिळतो. आधी पाण्याने कडक धुतल्यास तो चाळिसाच्या खाली उतरू शकतो. परंतु वजनापेक्षाही महत्त्वाचे नुकसान वेगळेच आहे. कागदात तंतू एकमेकांस धरून राहतात, त्या धरण्यास हेमिसेल्युलोज मदत करतो. भाकरीच्या पिठात चिकटपणा असतो तसा. तो काढून टाकलेला लगदा कुटण्यास जड जातो आणि त्याच्या कागदाची ताण सोसण्याची शक्ती कमी होते. म्हणून ज्यांस कागद नको, शुद्ध सेल्युलोजच हवा आहे, त्यांसच ही रीत पहिल्याने मानवली. रेयॉनचा धागा करण्यासाठी लगद्यात सेल्युलोज जवळजवळ निर्भेळ लागतो, हेमिसेल्युलोज ही तेथे अडचणच. कर्नाटकात तुंगभद्रेच्या काठी हरिहरजवळ कुमारपट्टणम् येथे १९७० च्या दशकापासून निलगिरीसारख्या लाकडाचा जो लगदा होतो, तो याच कुळातला: आधी पाण्याची वाफ, मग क्षार, आणि शेवटी कापडाचा धागा.

आणि भुशाचा स्वतःचा दोष वेगळा. सूचिपर्णी लाकडाचा तंतू मुळात सुमारे तीन मिलिमीटर लांब असतो. बळकट कागदास हीच लांबी लागते. करवत फिरली की तो तंतू ठिकठिकाणी तुटतो. शिवाय भुसा भांड्यात दाबून बसतो, औषध त्यातून सारखे फिरत नाही. म्हणून कॅनडा व अमेरिकेत भुशासाठी मळसूत्राने माल पुढे ढकलणारी निराळी भांडी वापरावी लागली. त्यातून निघालेला आखूड तंतूंचा लगदा हातपुसणीच्या मऊ कागदात, किंवा छपाईच्या कागदात इतर लांब तंतूंबरोबर भर म्हणून जातो. त्यास तेथे मान आहे, पण तो मान पुठ्ठ्याच्या खोक्यातला नव्हे.

येथे आमच्या बागाईतदार बंधूंस एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ज्या खोक्याच्या भावावरून ही सारी चर्चा निघते, ते खोके भुशाच्या लगद्याने होणारच नाही. पेट्या थरावर थर रचून ट्रकमध्ये भरतात. खालच्या खोक्यावर वरच्या सर्वांचा भार, त्यात एप्रिल-मेची दमट हवा. तेथे लांब तंतूचाच कागद टिकतो. आखूड तंतूचा, आणि वर पाण्याने चिकटपणा काढून घेतलेला लगदा तेथे घातला, तर आंबा वाशीस पोहोचण्याआधीच खालचा थर बसेल. आपल्या देशात खोक्यांचा तपकिरी कागद बहुतांशी जुन्या खोक्यांच्या रद्दीपासूनच होतो. लांब तंतू टिकविण्यासाठी त्यात परदेशी रद्दीही मिसळतात. खोक्याचा भाव उतरविण्याची इच्छा असेल, तर बागाईतदारांच्या संघांनी वाशीच्या बाजारात हंगामभर साचणारी आपलीच रिकामी खोकी एकत्र करून कागदाच्या गिरणीशी अदलाबदलीचा करार करावा. भुशाच्या ढिगाकडे पाहून हा प्रश्न सुटावयाचा नाही.

इतके असूनही आम्ही भुशाच्या लगद्यास सरसकट नकार देत नाही. त्या पाण्याचे मोल करता आले, तर चित्र बदलते. म्हणून त्या पाण्याचाच हिशेब थोडा विस्ताराने मांडतो. एक टन कोरडा भुसा घेतला, त्यास पाच टन पाणी दिले, आणि त्यातून पंधरा टक्के द्रव्य उतरले असे धरू. म्हणजे पाच टन पाण्यात दीडशे किलो माल. शंभर भागांत तीनच भाग. यात हेमिसेल्युलोजचे लहानमोठे तुकडे, काही सुट्या साखरा, ॲसेटिक आम्ल, थोडे फुरफुराल आणि थोडा लिग्निन असतो. स्प्रूसपासून मिळालेल्या अशा तुकड्यांचा गोंदासारखा उपयोग होतो. तेल आणि पाणी एकजीव ठेवण्यास व पातळ पापुद्रे करण्यास तो चालतो असे दिसून आले आहे. साखरा आंबवून मद्यार्कही करता येतो. हे सारे खरे. पण तीन टक्क्यांचा माल बाजारी नेण्याजोगा दाट करावयाचा, तर चार टनांहून अधिक पाणी उडवावे लागेल. काताच्या भट्टीप्रमाणे उघड्या कढईत आटवू म्हटले, तर त्यास दीड-दोन टन सरपण लागेल. म्हणजे एक टन भुसा धुण्यासाठी त्याच्या दीडपट-दुप्पट लाकूड जाळावयाचे! मोठ्या कारखान्यांत एकाच वाफेकडून पाच-सहा वेळा काम करून घेणारी आटवणीची यंत्रे असतात, म्हणून त्यांस हा विचार तरी करता येतो; आणि तेथेही हा जोडधंदा अद्याप सर्वत्र फायद्यात आलेला नाही.

मग ज्यास आटविणे परवडणार नाही, तो काय करील? तो ते पाणी सोडून देईल. कोठे सोडील, हे दापोलीकरांस सांगावयास नको. आपल्या तालुक्यातून पावसाळ्याचे पाणी ज्या वाटांनी जाते त्याच वाटांनी तेही जाईल, आणि खाडीत उतरेल.

साखरेचे पाणी विषारी नसते, असे म्हणून या गोष्टीची बोळवण करणारे भेटतात. त्यांच्यासाठी आणखी एक हिशेब. दीडशे किलो साखरवजा द्रव्य पाण्यात कुजताना जवळजवळ तेवढ्याच, किंबहुना थोड्या अधिक वजनाचा प्राणवायू ओढून घेते. कोकणातल्या उष्ण खाडीच्या एक घनमीटर पाण्यात प्राणवायू असतो तो सहा-सात ग्रॅम. त्या हिशेबाने एका टन भुशाचे धुवण वीस ते पंचवीस हजार घनमीटर पाण्यातील सारा प्राणवायू संपवू शकते. मासळीस विषाची गरज नाही. श्वास कोंडला तरी ती मरतेच. चैत्र-वैशाखात नद्या आटलेल्या असताना, भरती-ओहोटीखेरीज खाडीत नवे पाणी नसते, तेव्हा तर बोलावयासच नको.

ही भीती काल्पनिक नव्हे. केरळात चालियार नदीकाठी मावूर येथे १९६३ पासून बांबूपासून रेयॉनचा लगदा करणारा कारखाना होता. नदीच्या पाण्यासाठी काठच्या लोकांनी वर्षानुवर्षे लढा दिला. लाकडाच्या टंचाईचे आणि पैशाचे प्रश्नही होतेच. आणि शेवटी २००१ साली कारखाना कायमचा बंद पडला. नदी गढूळ झाली ती झाली, आणि त्यावर पोट असलेले हजारो कामगारही उघड्यावर पडले. दोन्ही पक्षांची हानी. आपल्या दाभोळच्या खाडीच्या लोकांस तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. खेड तालुक्यातील लोटे परशुराम येथे रासायनिक कारखान्यांची वसाहत झाल्यापासून खाडीतील मासळी मेल्याच्या तक्रारी तेथील मच्छीमारांनी वारंवार केल्या आहेत, आणि त्यांचे अर्ज-विनंत्या, मोर्चे सर्वांच्या स्मरणात आहेत. वसाहतीसाठी सांडपाणी शुद्ध करण्याचे सामाईक केंद्र उभारण्यात आले, तरीही तक्रारी थांबल्या नाहीत. अशा खाडीवर आणखी एका धुवणाचा भार घालावयाचा, तर तो ‘पुढे पाहू’ या भरवशावर घालता येत नाही. भातशेतीचा मालक आणि खाडीत जाळे टाकणारा दालदी किंवा भोई हे निरनिराळे लोक आहेत, म्हणून पहिल्याने दुसऱ्याच्या नुकसानीवर सही करावी, असा न्याय कोणत्याही संस्थेने मानू नये.

मग भुशाचे करावे काय? येथे आम्हांस आपल्या उशाशी असलेल्या विद्येचा उपयोग करण्याचे सुचते. दापोलीचे कृषि विद्यापीठ १९७२ पासून, आणि त्याचे वनशास्त्र महाविद्यालय १९८५ पासून येथे आहे. परदेशी स्प्रूसच्या भुशाचे प्रयोग वाचून आपण बसलो आहोत. पण आंबा, आकेशिया, सुरू यांच्या भुशातून कढत पाणी काय व किती काढते, हे आपल्या हाताने पाहिले पाहिजे. रुंदपर्णी लाकडातला हेमिसेल्युलोज निराळ्या जातीचा असतो. सूचिपर्णीत मॅनोज साखरेच्या साखळ्या अधिक, तर आपल्या झाडांत झायलोज साखरेच्या. आपल्या लाकडात ॲसेटिक अंशही अधिक, म्हणजे पाणी अधिक लवकर आंबट होणार व काम कदाचित कमी उष्णतेवर भागणार. असे प्रयोग काही लिटरांच्या दाबाच्या भांड्यात होऊ शकतात. त्यास कारखाना लागत नाही. त्यात लगद्याबरोबर धुवणाचाही हिशेब, आंबविण्यास ते किती लायक आहे हेही पाहिले जावे. निकाल प्रतिकूल आला, तरी तो छापला जावा. पुढे कोणी रंगीत नकाशे घेऊन गावात आला, तर दाखविण्यास तो उपयोगी पडेल.

तोपर्यंत भुशास दुसरी कामे आहेत, आणि त्यांत गरम पाण्याचेच एक सौम्य रूप कामी येते. धिंगरी अळंबीसाठी भाताचा पेंढा ८० अंशांच्या पाण्यात तासभर ठेवून निर्जंतुक करतात, हे अनेकांनी पाहिले असेल. त्याच पेंढ्यात काही भाग रुंदपर्णी लाकडाचा भुसा मिसळून पाहण्यास हरकत नाही. भुसा मात्र अधिक कडक वाफवावा लागतो. येथे दाबाचे मोठे भांडे नको, सोडा नको, आणि धुवण थोडे व पातळ, ते नारळाच्या आळ्यात घालता येते. ताजा भुसा थेट शेतात पसरण्याची चूक तेवढी टाळावी. त्यात कर्बाच्या मानाने नत्र इतके थोडे असते की, तो कुजविण्यासाठी जंतू जमिनीतलेच नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. शेणाबरोबर वर्षभर कुजवून मग काजूच्या बुंध्याशी द्यावा.

पण कागद होवो वा अळंबी होवो, एक काम आताच करण्यासारखे आहे, आणि ते गिरणीमालक सभासदांनी मनावर घेतले पाहिजे. भुसा जातवार निराळा ठेवावा आणि कोरडा ठेवावा. आज आंबा, आकेशिया, आणि बाहेरून आलेल्या खोक्यांचे पाइन, सारे एकाच ढिगात पडते; त्यात साल, माती, कधी खिळेही. दापोलीस वर्षास साडेतीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. त्या पावसात उघडा ढीग आतून तापतो, काळा पडतो, आणि त्यातला हेमिसेल्युलोज, ज्याच्यासाठी ही सारी खटपट, बुरशीच आधी खाऊन टाकते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने आपल्या किनारपट्टीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा एकाच हंगामात केवढे लाकूड करवतीखाली येऊ शकते हे सर्वांनी पाहिले. अशा प्रसंगी भुशासाठी आडोसा नसला, तर तो पऱ्ह्याकडेलाच लोटला जातो, आणि पहिल्या पुरात खाली जातो.

संघाने यंदा आपल्या सभासदांच्या गिरण्यांत एक साधी वही ठेवावी. आठवड्यास किती पोती भुसा पडला, कोणत्या झाडाचा, ओला की कोरडा, आणि तो कोठे गेला, इतकेच तीत लिहावे. गिरणीमागे चार बांबू आणि जुने पत्रे यांचा एक मांडव घालण्यास फार खर्च नाही. मृग लागण्याच्या आत तो उभा राहिला पाहिजे. वर्षअखेरीस त्या वह्या एकत्र करून वनशास्त्र महाविद्यालयाकडे न्याव्या, आणि त्यांच्याबरोबर प्रत्येक जातीच्या भुशाचे एक एक पोते.